एकट्याचा फॅमिली पास

आमच्या लोकांत माणूस एकटा कुठे जात नाही. शेवटच्या प्रवासाला ज्याचं त्यानेच जायचं असतं असं मोठमोठे लोक सांगून गेलेत, पण त्यालासुद्धा खांदा द्यायला चौघं लागतात आणि पाचवा मडकं धरून पुढे चालतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जेवताना मी जाहीर केलं, की शुक्रवारी मी पामरस्टन नॉर्थला दोन दिवस स्टॉककारच्या शर्यती बघायला एकटा जाणार आहे, तेव्हा माझ्या बायकोने, मृदुलाने, आमटी वाढता वाढता अगदी साधेपणाने विचारलं,

“एकटा म्हणजे कोण कोण?”

मी म्हटलं, एकटा म्हणजे मी. ती म्हणाली, ते कळलं, पण बरोबर कोण? तिसऱ्या वेळेला तिने डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की माझी मलाच काळजी वाटायला लागली. मग तिने मला पापड दिला. आमच्या घरी आजारी माणसाला पापड न मागता मिळतो.

स्टॉककार म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी माझा धंदा सांगितला पाहिजे. मी गाड्यांच्या विमा कंपनीत असेसर आहे. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या या बाजूला, कोणाचीही गाडी ठोकली गेली, की मी जाऊन डेंट मोजतो आणि चूक कोणाची ते ठरवतो. एकवीस वर्षं मी हेच करतोय. गाडी ठोकलेला माणूस खोटं बोलतो, हा माझा एकवीस वर्षांचा अनुभव आहे. एका सभ्य गृहस्थांनी तर ‘लेटरबॉक्स अचानक समोर आला’ असं सहीनिशी लिहून दिलं होतं. लोकांच्या अशा गोष्टी ऐकून माझ्या चेहऱ्याला एक कायमची आठी पडलेली आहे. मी झोपेतसुद्धा कोणावर तरी संशय घेत असतो असं मृदुला म्हणते.

तर मागच्या हिवाळ्यात एका माणसाच्या घरी त्याचा ट्रक बघायला गेलो होतो. शेडमध्ये एक विचित्र गाडी उभी होती. काचा नाहीत, पुढेमागे लोखंडी पाइपांचे कठडे, आणि अंगावर ठोकर नाही अशी वीतभर जागा नाही. सवयीने मी वही काढली आणि विचारलं, हिला कोणी ठोकलं? तो चहा ढवळत म्हणाला, सगळ्यांनी. चूक कोणाची? तो म्हणाला, मित्रा, ही स्टॉककार आहे. ही ठोकण्यासाठीच बनवतात. मैदानात गोल गोल पळवायची आणि मध्ये येईल त्याला ठोकायचं, असा खेळच आहे.

त्या दिवसापासून मला त्या गाड्या स्वप्नात दिसायला लागल्या. मातकट, संथ, आवाज न करता एकमेकींना ढुशा देणाऱ्या, डबक्यातल्या म्हशींसारख्या. आणि स्वप्नात कोणाच्याही हातात फॉर्म नसायचा. मी कठड्याला टेकून उभा असायचो, आणि मला कोणी काही विचारत नसायचं. अशी स्वप्नं पडली की सकाळी मला ऑफिसला जाववत नसे.

आता एकटाच का, याचं उत्तर मला कोणालाच धड देता आलं नाही. आम्ही कुठेही जातो ते चार गाड्या, सतरा माणसं आणि दोन कुकर घेऊन. डोंगर बघायचा तर आधी त्याच्यापुढे सगळ्यांचा फोटो, मग त्या फोटोत डोंगर आला की नाही यावर चर्चा. मला आयुष्यात एक गोष्ट अशी बघायची होती, जी बघताना शेजारून कोणी ‘बघ, बघ’ म्हणणार नाही. एवढंच. पण हे बायकोला सांगितलं तर तिला ते स्वतःबद्दल वाटणार, आणि ते थोडंफार तिच्याबद्दल होतंही.

ऑफिसात रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात ‘एकट्याने प्रवास’ असं लिहिलं. आमची मॅनेजर भली बाई. तिने मला खोलीत बोलावून, दार लावून, समुपदेशकांचा फोन नंबर दिला आणि म्हणाली, घरात वादळ असलं तर लाज बाळगू नकोस. मी नंबर खिशात टाकला, कारण नाही म्हणणं मला जमत नाही. तिकिटांचं त्याहून वाईट. साइटवर साधी तिकिटं संपलेली. शिल्लक होता फक्त फॅमिली पास, दोन मोठे आणि दोन लहान. ‘मोठे’ या चौकटीत एक घातला तर साइट लाल होऊन मला विचारायची, तुमची खात्री आहे का? शेवटी मी दोन मोठे आणि दोन लहान असा एकटा जायचं ठरवलं.

आमचे शेजारी पुरुषोत्तमराव हे आमच्या न्यू लिन उपनगरातले सल्लागार. त्यांना कोणी सल्ला विचारत नाही, तेव्हा त्यांना तो वेळेआधीच द्यावा लागतो. कुंपणापलीकडून ते म्हणाले, एकट्याने एवढं ड्रायव्हिंग करू नये, झोप लागते. टाउपोला थांबून केळं खावं. मग आवाज खाली आणून विचारलं, वहिनींशी काही झालंय का? मी नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. मग ते म्हणाले, असं करतो, मीच येतो. मी म्हटलं, तिकिटं संपली, आणि ते खरं होतं. शेवटचं मीच घेतलेलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि कोणतंही वाईट मनात न आणता मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, की मधुकरराव शुक्रवारी गाडी घेऊन पामरस्टनला जात आहेत, गाडीत जागा आहे.

ज्यांना आमचा समाज माहीत नाही त्यांना या वाक्याची ताकद कळणार नाही. आमच्यात कोणी कुठे निघाला, की त्याच्याबरोबर काहीतरी धाडायचं हा धर्म आहे. पोस्ट आहे, कुरियर आहे, पण ओळखीचा माणूस जात असताना कुरियर करणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. बुधवारी संध्याकाळपर्यंत ‘जाताच आहात तर’ या तीन शब्दांनी सुरू होणारे नऊ फोन आले. हॅमिल्टनच्या ऋतुराजकडे रविवारी सत्यनारायण होता, त्याच्यासाठी मंडळाचं मोठं पातेलं. कोणाच्या सुनेला डिंकाचे लाडू. एक कढीपत्त्याचं झाड, कुंडीसकट, माझ्या खांद्याएवढं, ज्याला म्हणे वारा सोसत नाही. आणि खुद्द पुरुषोत्तमरावांकडून एक पाटा-वरवंटा. पामरस्टनच्या हरीशची बायको सिद्धी तो केव्हापासून मागत होती. पाटा डिकीत ठेवला तेव्हा माझी गाडी मागून खाली बसली आणि हेडलाइट आभाळाकडे बघायला लागले.

मी मनात म्हटलं, वस्तू आहेत. वस्तू बोलत नाहीत. वस्तूंबरोबर गेलेला माणूस एकटाच गेला असं म्हणता येईल.

गुरुवारी ऑकलंडमधल्याच अल्बनीहून स्वरदाचा फोन आला. तिची आई, शकुमावशी, तिच्याकडे चार वर्षं राहिल्यावर आता मुलाकडे, म्हणजे याच हरीशकडे, जाणार होती. विमानात आईचे कान दुखतात. जाताच आहात तर. मृदुला समोर भाजी निवडत होती. मी हो म्हणून फोन ठेवल्यावर तिने शांतपणे विचारलं, “मग एकटा म्हणजे आता किती जण झालात?”

सकाळी सहाला निघालो. कढीपत्ता पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मावशी मागे, मांडीवर लाडवांचा डबा. एकाहत्तर वर्षांच्या, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात स्वरदाने घेऊन दिलेले पळण्याचे बूट. मी मनाची तयारी केली होती. सात तासांत मला त्यांच्या गुडघ्यांचा आणि नातवंडांचा इतिहास ऐकावा लागणार होता. पण मावशी बोलल्याच नाहीत. हॅमिल्टनला ऋतुराजच्या घरी पातेलं द्यायला दोन मिनिटं थांबलो, ती दोन मिनिटं पोहे, चहा आणि ‘जेवूनच जा’ यांच्यासकट अडीच तासांची झाली. तिथेही मावशी हसून गप्प. टाउपोचं तळं आलं, गेलं. मी केळं खाल्लं. आरशात बघावं तर त्या खिडकीबाहेर बघतायत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की जणू गाडीत दुसरं कोणी नाहीच.

डेझर्ट रोडवर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल वाळकं पिवळं गवत, मधून एकच रस्ता, आणि एका अंगाला रुआपेहूचा डोंगर, अर्धा ढगात. मावशी उतरून गवताच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. वाऱ्याने पदर फडफडत होता. मला वाटलं, त्यांना एकटं वाटेल. मीही उतरलो, शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “बघा मावशी, बघा, तो रुआपेहू.”

त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. मी परत येऊन गाडीत बसलो, कढीपत्त्याच्या शेजारी, आणि बराच वेळ माझे कान गरम होते.

पुढे टाइहापे गावात चहा घेताना त्या पहिल्यांदा बोलल्या. शर्यत किती वाजता सुटते, विचारलं. मी म्हटलं, सहाला सुरू, नऊ-सव्वानऊला संपेल. तुम्हाला पाचपर्यंत हरीशकडे सोडतो.

“हरीशला साडेनऊ सांग,” त्या म्हणाल्या.

“आणि साडेनऊपर्यंत तुम्ही कुठे?”

“तू मोटेलात खोली घेतलीयस ना? तू असणार तिकडे. खोली रिकामीच पडायची. मी बसते तिथे.”

मी विचारलं, काय करायचंय तिथे? त्या म्हणाल्या, बसायचंय. मग कपातला चहा संपेपर्यंत त्यांनी मला थोडक्यात सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. विसाव्या वर्षी अकरा माणसांच्या घरात लग्न होऊन गेल्या. मग मुलं. मग यजमानांचं सहा वर्षांचं आजारपण. मग स्वरदाचं अल्बनीचं घर. ते मोठं, सगळे दिवसा बाहेर, तेव्हा वाटलं होतं, आता जरा. पण स्वरदाने काळजीपोटी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. मावशी खुर्चीत बसल्या, की कपाटावरून स्वरदाचा ऑफिसातला आवाज यायचा, आई, चहा घेतलास का?

“मुलं वाईट नाहीत रे,” त्या म्हणाल्या. “सोन्यासारखी आहेत. पण मधुकर, मला चार तास असे हवेत, की मी चहा घेतला का नाही हे कोणाला कळणार नाही. हरीशकडे गेले की पुन्हा आहेच.”

मी इतके दिवस समजत होतो, की ही तहान मला एकट्यालाच लागलेली आहे.

मोटेलची खोली साधीच होती. पलंग, किटली, खिडकीशी एक खुर्ची. मावशींनी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. माझ्याकडून वचन घेतलं, की मोटेलचं नाव हरीशला सांगायचं नाही आणि खोलीत फोन करायचा नाही. मी किटली कशी लावायची ते दाखवायला लागलो, तेवढ्यात मला कळलं की मी दाराबाहेर आहे आणि दार लागलेलं आहे. बाहेर उभं राहून मी हरीशला मेसेज केला, की गाडी गरम होते आहे, थांबत थांबत येतो, साडेनऊ होतील. खोटं लेखी बोलायला सोपं जातं. एकवीस वर्षं लोक मला हेच करून दाखवत होते.

स्पीडवेच्या, म्हणजे शर्यतीच्या मैदानाच्या, गेटवर एका बाईने माझा पास बघितला, माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी म्हटलं, बाकीचे म्हणजे मीच. तिने मनगटाला बांधायचे चार कागदी पट्टे माझ्या हातात ठेवले आणि पुढच्या माणसाकडे वळली. आत उतारावर गवत होतं, आणि सगळं गवत घोंगड्यांनी झाकलेलं. लोक दुपारीच येऊन घोंगडी टाकून जागा धरतात म्हणे. मी घोंगडीविना उभा होतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या लोकांत वाढलेल्या माणसाने हे विसरावं याची मला फार लाज वाटली.

“एकटाच का, लव्ह?” खालून कोणीतरी विचारलं. साठीची एक बाई, पायात जॅंडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, मांडीवर चिप्सचं पुडकं. मी मान खाली घालून हो म्हटलं. ती म्हणाली, “गुड ऑन या,” आणि घोंगडीवर सरकली. तिचं नाव जॅनिस. शाळेची बस चालवायची, आता निवृत्त. गेल्या चार दिवसांत एकटं येण्याबद्दल माझं अभिनंदन करणारी ती पहिलीच.

पहिली शर्यत सुटली आणि चिखलाचं एक ढेकूळ येऊन माझ्या चष्म्यावर बसलं. पण चष्मा पुसून बघतो तर ते सगळं स्वप्नातल्यासारखंच होतं. लाल माती, पाणी मारलेली, तिचा वास पहिल्यांदा नांगरलेल्या शेतासारखा. संध्याकाळचं लांब, तिरकं ऊन. लांब डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या, आपल्याच नादात फिरणाऱ्या. आणि त्या गाड्या, आडव्या होऊन वळण घेणाऱ्या, एकमेकींना कठड्याला दाबणाऱ्या. फक्त आवाज होता. स्वप्नात तो नव्हता. तो छातीत शिरून बरगड्या मोजत होता.

अर्धा तास मी बघत नव्हतो, तपासत होतो. निळी गाडी, पुढचा डावा मडगार्ड गेला. पिवळी, मागून ठोकर, चूक सरळसरळ लालची. मग त्या निळ्यातला माणूस खिडकीतून बाहेर आला, ज्याने ठोकलं त्याच्याकडे चालत गेला, आणि दोघांनी हात मिळवले. माझ्या आतली कुठलीतरी वही मिटली.

पण सुख लागायला नशीब लागतं. वही मिटली तशी मावशी आठवल्या. किटलीचं पाणी हातावर सांडलं तर? न्हाणीघरात पाय घसरला तर? फोन ड्रॉवरमध्ये, बंद. मी मनात फॉर्म भरायला लागलो. घटनेची वेळ, घटनेच्या वेळी जबाबदार व्यक्ती कुठे होती, काय करत होती. जबाबदार व्यक्ती चिप्स खात होती. मी फोन काढला, मोटेलचा नंबर लावला, बंद केला. पुन्हा लावला. म्हातारं माणूस एकटं राहिलं म्हणजे काहीतरी होणारच, असं माझं मन म्हणत होतं, आणि ते अगदी पुरुषोत्तमरावांच्या आवाजात म्हणत होतं. ते लक्षात आल्यावर मी फोन खिशात घातला.

जॅनिस मला सांघिक शर्यत समजावून सांगत होती. चार-चार गाड्यांचे दोन संघ. जिंकायचं एकानेच. बाकीच्यांनी स्वतः मागे राहायचं, वाटेत आडवं उभं राहायचं आणि समोरच्या संघाच्या गाडीला अडवून धरायचं, म्हणजे आपला माणूस पुढे सुटतो. त्यांना ब्लॉकर म्हणतात. ठोकरा सगळ्या ब्लॉकर खातो, ती म्हणाली, आणि टाळ्या दुसऱ्याला. तेवढ्यात माझा फोन वाजला. हरीशचे तीन फोन येऊन गेले होते, हा चौथा.

“काका, कुठे पोचलात? लोकेशन पाठवा, मी येतो घ्यायला.”

मी म्हटलं, तशी गरज नाही. त्याच क्षणी आठ गाड्या माझ्यासमोरून गेल्या.

“काका, हा कसला आवाज?”

“गाडीचा,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

“बंद करा ती आधी. इंजिन बसेल.”

“बंद करणं माझ्या हातात नाही रे.”

मग निवेदक भोंग्यावरून ओरडला, लोक उभे राहिले. फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. हरीश बाहेर गेला असावा.

“काका,” तो हळूच म्हणाला, “हा माणूस माझ्या फोनमध्येही ओरडतोय आणि माझ्या अंगणातही.”

शेकडो माणसांना मी या जागी पकडलेलं आहे. पकडला गेलेला माणूस असा दगडासारखा गप्प का होतो, हे मला कधी कळलं नव्हतं. तो मुद्दाम गप्प नसतो. त्याला खरोखरच काही सुचत नसतं. मी एवढंच म्हणालो, की आई सुखरूप आहे आणि तू इथे ये, पट्टा आहे.

त्याचं घर स्पीडवेजवळच होतं, पंधरा मिनिटांत तो आला. घरातली अर्धी चड्डी, जॅंडल्स, चेहरा पांढरा पडलेला. चाळिशीचा, मऊ बोलणारा मुलगा, दुधाच्या कारखान्यात इंजिनियर. माझ्यावर कोणी ओरडलं तर मी लगेच विरघळतो, पण हा ओरडलाच नाही. त्याने फक्त विचारलं, आई कुठे आहे? मी टाइहापेचा सगळा चहा त्याला सांगितला. मग तो म्हणाला, ठीक, मोटेलचं नाव सांगा.

इथे माझा स्वभाव सांगितला पाहिजे. मला आजवर कोणी काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालेलं नाही. माझ्या डिकीत पाटा-वरवंटा होता, तो त्याचा पुरावा. समोर मैदानात एक ब्लॉकर, पुढचं चाक वाकडं झालेलं, वाटेत आडवा थांबून मागून येणाऱ्याची वाट बघत होता.

“सांगणार नाही,” मी म्हणालो.

“काका, ती एकाहत्तर वर्षांची आहे. तिला बीपी आहे. एकटीला काय करायचंय तिला?”

“काही नाही. तेच करायचंय.”

त्याचे डोळे भरले होते, आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्याची काही चूक नव्हती. मग त्याने विचारलं, “आमच्याकडे काय कमी आहे?”

“कमी काही नाही रे,” मी म्हटलं. “साडेनऊला मी स्वतः तुला तिच्याकडे नेतो. तोपर्यंत बस.”

जॅनिसला मराठी येत नव्हतं, पण बस चालवून तिला माणसांचे चेहरे येत होते. तिने हरीशला न विचारता घोंगडीवर जागा करून दिली आणि चिप्सचं पुडकं त्याच्या हातात दिलं. तो घड्याळ बघत बसला. दर दोन मिनिटांनी. मग दर पाच मिनिटांनी. मग ऊन गेलं, दिवे लागले, आणि शेवटची शर्यत सुटली.

ती शर्यत कोण जिंकलं ते मला आठवत नाही. दिव्यांच्या उजेडात धूळ सोन्यासारखी हळूहळू उडत होती आणि गाड्या त्यात शिरून पलीकडून निघत होत्या, एकीमागून एक, कुठे पोचायचं नसल्यासारख्या. आवाजही सवयीचा होऊन कुठे तरी दूर गेला. मला माझं नाव आठवत नव्हतं, धंदा आठवत नव्हता. माझ्या एका बाजूला जॅनिस होती, दुसऱ्या बाजूला हरीश, खांद्याला खांदा लागलेला, आणि मी पूर्ण एकटा होतो. हे कसं होतं ते मला सांगता येणार नाही. हरीशही घड्याळ बघायचा विसरला होता. त्याचा हात पुडक्यात तसाच राहून गेला होता.

आम्ही मोटेलवर पोचलो तेव्हा नऊ-वीस झाले होते. मी पुढे, हरीश त्याच्या गाडीत मागे. त्याने गाडी थेट खोलीसमोर आणली, तेव्हा दिव्यांचा झोत खिडकीवर पडला. पडदा अर्धा उघडा होता. खोलीत उजेड लहानसा, टीव्ही बंद. मावशी खुर्चीत बसल्या होत्या. बूट काढलेले, पाय पलंगावर सोडलेले, अंबाडा सुटून केस पाठीवर. हातात काही नव्हतं. वाचत नव्हत्या, जप नव्हता, झोपही नव्हती. नुसत्या बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका स्वस्थ होता, की तो दुसऱ्याच कोणाचा असावा असं वाटलं. उजेड तोंडावर आल्यावर त्यांनी किंचित डोळे मिटले.

हरीशने दिवे बंद केले. मग उतरून तो माझ्या गाडीत आला. पुढच्या सीटवर कढीपत्ता होता, म्हणून मागे बसला. मोटेलचा मालक बाहेर येऊन बॅटरीने आम्हाला बघून गेला. अंधारात गाडीत बसून म्हाताऱ्या बाईच्या खिडकीकडे बघणारे दोन पुरुष आणि एक झाड, याचा त्याने काय अर्थ लावला कोण जाणे.

“मी आईचे केस मोकळे कधी बघितलेच नाहीत,” हरीश म्हणाला.

साडेनऊ झाले. मी शब्दाचा माणूस. दार उघडून एक पाय खाली ठेवला, तेव्हा मागून हरीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत बसवलं.

“अजून थोडा वेळ, काका,” तो म्हणाला. “गाडी गरम झालीय ना तुमची.”